विमानात विडी-सिगारेटला सक्त बंदी, मग टॉयलेटच्या दारावर राखदाणी कशासाठी?

शिर्डी, नांदेड, कोल्हापूर, सिंधुदुर्ग इथून विमानं उडायला लागली, तसा विमानप्रवास हा फक्त मुंबई-पुण्याच्या लोकांचा विषय राहिला नाही. कुणी आखाती देशात कामाला निघतो, कुणी हज-उमऱ्याला, तर कुणाचा मुलगा बंगळुरूला नोकरीला असतो म्हणून आई-वडील आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतात. तिकीट, आधार कार्ड, सामानाचं वजन याची माहिती सगळे सांगतात. पण ज्याला दर तासाला विडी लागते, त्याला विमानात नेमकं काय होतं हे कुणी नीट समजावून सांगत नाही.

आत गेल्यावर डोक्यावर सिगारेटवर काट मारलेलं चिन्ह दिसतं. विमान उडण्याआधी हवाई सुंदरी धूम्रपानाला मनाई असल्याची सूचनाही देते. आणि एवढं सगळं झाल्यावर टॉयलेटकडे गेलं की दारावर किंवा दाराशेजारी छोटी राखदाणी बसवलेली दिसते! बघणाऱ्याला वाटतं, ओढायची नाही म्हणतात, मग राखदाणी कशाला? म्हणजे गुपचूप ओढली तर चालत असेल.

तसं अजिबात नाही. ती राखदाणी सोयीसाठी नाही, आग टाळण्यासाठी आहे. त्यामागचं कारण कळलं की विमानातली बंदी एवढी कडक का, हेही कळतं.

राखदाणीचं खरं कारण

नियम करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव माहीत आहे. शंभर जणांना नाही म्हणून सांगितलं तरी एखादा लपून ओढणारच. तो पकडला जाईल, त्याच्यावर कारवाईही होईल. पण त्या क्षणी त्याच्या हातात जळतं थोटूक असतं आणि ते कुठंतरी टाकायचं असतं. घाबरलेला माणूस काय करतो? सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकतो. विमानाच्या टॉयलेटमधल्या डब्यात असतं काय, तर हात पुसलेले कागद आणि टिश्यू. वाळलेल्या कडब्याच्या गंजीत ठिणगी टाकण्यासारखाच हा प्रकार.

म्हणून अमेरिकेच्या विमान बनावटीच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की विमानात धूम्रपानाला परवानगी असो वा नसो, प्रत्येक टॉयलेटच्या दारावर किंवा दाराजवळ सहज दिसेल अशी राखदाणी असलीच पाहिजे. कारखान्यातून नव्या निघालेल्या विमानातही ती असते. नियम मोडणाऱ्याच्या चुकीची शिक्षा बाकीच्या दोनशे माणसांना मिळू नये, एवढाच तिचा उद्देश.

पॅरिसजवळच्या शेतात उतरलेलं विमान

हा विचार एका मोठ्या अपघातानंतर पुढे आला. ११ जुलै १९७३ रोजी ब्राझीलच्या व्हारिग कंपनीचं बोइंग ७०७ विमान रिओ दी जानेरोहून पॅरिसला येत होतं. विमानात १३४ माणसं होती. पॅरिसचं ऑर्ली विमानतळ अगदी जवळ आलं असताना मागच्या टॉयलेटमधून धूर यायला लागला. काही मिनिटांत धूर पुढे पसरत पायलटच्या खोलीपर्यंत गेला. समोरचं दिसेना. पायलटनं धावपट्टीची वाट न बघता काही किलोमीटर अलीकडेच शेतात विमान उतरवलं.

विमान जमिनीवर आलं, पण तोपर्यंत आतले बहुतेक प्रवासी धुरानं गेलेले होते. १३४ पैकी १२३ जणांचा मृत्यू झाला. वाचलेल्या ११ जणांत १० कर्मचारी होते आणि प्रवासी फक्त एक.

चौकशीत आग मागच्या टॉयलेटमधल्या बेसिनच्या भागात लागल्याचं निघालं. कारण म्हणून दोन शक्यता धरल्या गेल्या. एक विजेतला बिघाड आणि दुसरी एखाद्या प्रवाशाचा निष्काळजीपणा, म्हणजेच टाकलेली सिगारेट. नक्की कोणतं, याचा शंभर टक्के निकाल लागला नाही. पण टॉयलेटमधल्या कचऱ्याला लागलेली आग सगळं विमान संपवू शकते, हे जगाला कळलं. त्यानंतर अमेरिकेनं टॉयलेटमध्ये धूम्रपान मनाईच्या पाट्या आणि दाराजवळ राखदाण्या सक्तीच्या केल्या.

चीनमधल्या घटनेत तर सिगारेटच कारण ठरली. २४ डिसेंबर १९८२ रोजी ग्वांगझू इथं उतरलेल्या विमानात एका प्रवाशाच्या सिगारेटमुळे आग लागली आणि २५ माणसं मेली.

घरातली आग आणि विमानातली आग

गोठ्याला आग लागली तर माणूस बाहेर पळतो, दावणीची जनावरं सोडतो, शेजारी पाण्याच्या बादल्या घेऊन धावतात. एसटीत धूर निघाला तर ड्रायव्हर गाडी रस्त्याकडेला घेतो आणि सगळे खाली उतरतात. विमानात यातलं काहीच करता येत नाही. ३५ हजार फुटांवरून कितीही घाई केली तरी खाली येऊन धावपट्टी गाठायला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. खाली समुद्र असेल तर त्याहून कितीतरी जास्त.

दुसरी गोष्ट धुराची. विमानातल्या सीटचा फोम, प्लास्टिक, भिंतींचे पत्रे जळायला लागले की विषारी धूर होतो. खिडकी उघडता येत नाही. आगीची झळ लागण्याआधी माणूस धुरानंच बेशुद्ध पडतो.

२ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या विमानात हेच झालं. टॉयलेटच्या भागात आग लागली. पायलटनं विमान अमेरिकेतल्या सिनसिनाटीला व्यवस्थित उतरवलं. दारं उघडली, माणसं उतरायला लागली. पण दारातून ताजी हवा आत शिरली आणि दीड मिनिटाच्या आत सगळं विमान आतून पेटलं. ४६ पैकी २३ जण आतच राहिले. इथं आगीचं मूळ कारण सापडलं नाही, सिगारेटवर कुणी बोट ठेवलं नाही. तरीही या अपघातामुळेच विमानाच्या टॉयलेटमध्ये धूर ओळखणारी यंत्रं आली आणि कचऱ्याच्या डब्यात आपोआप आग विझवणारी बाटली आली. खाली वाकून चालणाऱ्याला दार सापडावं म्हणून जमिनीलगतचे दिवेही त्यानंतरच आले.

एक गैरसमज इथंच दूर केलेला बरा. विमानात ऑक्सिजन भरलेला असतो, म्हणून काडी ओढली की स्फोट होतो, असं काही जण सांगतात. ते खरं नाही. विमानातली हवा आपल्या रोजच्या हवेसारखीच असते. धोका स्फोटाचा नाही. धोका आहे तो कुणाला न दिसता धुमसत राहणाऱ्या थोटकाचा.

गुपचूप ओढली तर कळतं का?

कळतं. टॉयलेटच्या छतात धूर ओळखणारं यंत्र असतं. धूर लागला की ते वाजतं आणि कर्मचाऱ्यांना कोणत्या टॉयलेटमध्ये धूर आहे ते समजतं. ते लगेच दार ठोठावतात. आतून प्रतिसाद आला नाही तर दार बाहेरून उघडता येतं, आतली कडी त्यांना अडवू शकत नाही.

काही जण यंत्रावर टिश्यू किंवा पिशवी लावून शहाणपणा करतात. हा तर त्याहून मोठा गुन्हा. कारण मग खरी आग लागली तरी कुणाला कळणार नाही. शिवाय विडीचा वास काही लपत नाही.

कचऱ्याच्या डब्यातली बाटली शेवटचा उपाय म्हणून आहे. डब्यात उष्णता वाढली की बाटलीच्या नळीचं टोक वितळतं आणि आग विझवणारा वायू आपोआप सुटतो. पण बाटली आहे म्हणून थोटूक टाकायला हरकत नाही, असं म्हणणं म्हणजे विहिरीला कठडा आहे म्हणून डोळे मिटून चालण्यासारखं.

एकेकाळी विमानात सगळे ओढायचे

आज ऐकून नवल वाटेल, पण काही दशकांपूर्वी विमानात सर्रास सिगारेटी ओढल्या जायच्या. सीटच्या हातालाच राखदाणी असायची. तक्रारी वाढल्या तेव्हा अमेरिकेत १९७३ मध्ये ओढणाऱ्यांच्या आणि न ओढणाऱ्यांच्या रांगा वेगळ्या केल्या. पण एकाच बंद नळकांड्यात बसलेल्या माणसांच्या रांगा वेगळ्या करून काय होणार? ओसरीत चूल पेटवली की माजघरात धूर येतोच.

यात सगळ्यात जास्त भरडल्या गेल्या त्या हवाई सुंदरी. प्रवासी दोन-चार तासांत उतरून जायचा, त्या मात्र वर्षानुवर्षं त्याच धुरात काम करायच्या. अमेरिकेतल्या नॉर्मा ब्रॉइन यांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढली नव्हती. तरी १९८९ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला. १९९१ मध्ये त्यांनी आणि इतर कर्मचाऱ्यांनी मोठ्या सिगारेट कंपन्यांना कोर्टात खेचलं. १९९७ मध्ये कंपन्यांनी तडजोड केली आणि धुरामुळे होणाऱ्या आजारांच्या संशोधनासाठी ३० कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं.

दरम्यान बंदीही टप्प्याटप्प्यानं वाढत गेली. अमेरिकेत १९८८ मध्ये दोन तासांपर्यंतच्या देशांतर्गत प्रवासात बंदी आली, १९९० मध्ये सहा तासांपर्यंतच्या आणि २००० मध्ये अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्याच विमानांत. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं सगळ्या देशांना आवाहन केलं की १ जुलै १९९६ पर्यंत आंतरराष्ट्रीय विमानांतलं धूम्रपान थांबवा. म्हणजे हा नियम प्रवाशाला छळायला कुणी एका दिवसात काढलेला नाही. आधी माणसं मेली, आजारी पडली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि मग तो आला.

पायलटनं ओढली तर?

अमेरिकेत १९९० मध्ये प्रवाशांना बंदी झाली तेव्हा पायलटच्या खोलीला मात्र सूट होती. तलफ आलेल्या पायलटचं लक्ष उडेल, अशी भीती होती. हळूहळू ती सूटही गेली आणि आज विमान कंपन्या कर्मचाऱ्यांनाही ओढू देत नाहीत. तरी नियम मोडले जातात आणि तिथं चूक फार महागात पडू शकते.

१० जुलै २०१८ ची घटना बघा. एअर चायनाचं विमान १५३ प्रवासी घेऊन हाँगकाँगहून डालियनला चाललं होतं. सहपायलट ई-सिगारेट ओढत होता. वाफ प्रवाशांकडे जाऊ नये म्हणून त्यानं हवा फिरवणारे पंखे बंद करायचं ठरवलं आणि दुसरीच बटणं दाबली. त्यामुळे विमानात दाबाची हवा सोडणारी यंत्रणाच बंद पडली. धोक्याची सूचना वाजली, प्रवाशांच्या डोक्यावरचे ऑक्सिजनचे मास्क खाली आले आणि पायलटना विमान झपाट्यानं १० हजार फुटांपर्यंत खाली आणावं लागलं. सुदैवानं सगळे सुखरूप उतरले. पायलटांचे परवाने मात्र रद्द झाले. इथं आग लागलीच नव्हती. लपवण्याच्या धडपडीनंच विमान संकटात आलं.

दुसरी घटना १२ मार्च २०१८ ची. ढाक्याहून काठमांडूला गेलेलं यूएस-बांगला कंपनीचं विमान उतरताना कोसळलं. ७१ पैकी ५१ जण गेले. अपघात सिगारेटमुळे झाला नव्हता. विमान नेमकं कुठं आहे याचं भान पायलटला राहिलं नाही, हे मुख्य कारण होतं. पण कॅप्टन प्रचंड मानसिक ताणात होता आणि कंपनीची मनाई असताना तो विमान चालवताना सिगारेट ओढत होता, अशी नोंद चौकशी अहवालात आहे. सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा साधा नियम मोडला जात असेल, तर बाकीची शिस्त तरी कशी टिकणार?

‘रेल्वेत ओढतो तसं इथं ओढलं’

मे २०२३ मध्ये अहमदाबादहून बंगळुरूला गेलेल्या विमानात एका प्रवाशानं टॉयलेटमध्ये विडी ओढली. उतरल्याबरोबर तो पोलिसांच्या ताब्यात गेला. विमानात तो पहिल्यांदाच बसला होता. रेल्वेच्या टॉयलेटमध्ये नेहमी ओढतो, इथंही चालत असेल असं वाटलं, असं त्यानं पोलिसांना सांगितलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण माहीत नव्हतं म्हणून कायदा सोडत नाही.

खरं तर रेल्वेतही बंदीच आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६७ नुसार १०० रुपयांपर्यंत दंड होतो. पण तिथं कुणी फारसं हटकत नाही, म्हणून सवय लागते आणि तीच सवय माणूस विमानात घेऊन जातो.

हा प्रकार फक्त साध्याभोळ्या माणसाकडूनच होतो असंही नाही. मार्च २०२३ मध्ये लंडनहून मुंबईला येणाऱ्या विमानात टॉयलेटमध्ये धूम्रपान केलं म्हणून एका अमेरिकी नागरिकावर मुंबईत गुन्हा दाखल झाला होता.

पकडलं तर काय होतं?

• कर्मचारी कॅप्टनला कळवतात आणि कॅप्टन खालच्या विमानतळाला. विमान उतरल्यावर प्रवाशाला सुरक्षारक्षकांकडे आणि पुढे पोलिसांकडे दिलं जातं.

• विमान नियम १९३७ मधला नियम २५ विमानातल्या धूम्रपानाबाबत आहे. शिवाय दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्या बेफिकीर कृत्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

• बेशिस्त प्रवाशांसाठी २०१७ मध्ये ‘नो फ्लाय’ यादीचे नियम आले. कृत्य किती गंभीर आहे हे बघून त्यात तीन महिने, सहा महिने किंवा दोन वर्षं आणि त्याहूनही जास्त काळ विमानबंदी होऊ शकते. विमानात धूम्रपान करणं हे बेशिस्त वर्तनातच मोडतं.

अडीच हजाराचा दंड ऐकून कुणी म्हणेल, भरून टाकू. पण पुढची गाडी चुकते, वकील करावा लागतो, तारखा सुरू होतात. परदेशी नोकरीसाठी पोलिसांचा दाखला लागतो आणि गुन्हा नोंद असेल तर तिथं घोडं अडू शकतं. कर्ज काढून आखातात निघालेल्या घरासाठी एक विडी फार महाग पडते.

निघण्याआधी एवढं ध्यानात ठेवा

१. माचिस आणि लायटर घरीच ठेवा. आपल्याकडे ते हातातल्या बॅगेतही चालत नाहीत आणि मोठ्या सामानातही. तपासणीत काढून घेतात.

२. विडी-सिगारेटचं पाकीट सोबत असायला हरकत नाही, ओढायला मनाई आहे. परदेशात किती नेता येतं ते त्या देशाच्या नियमावर ठरतं. एजंटला आधीच विचारा.

३. ई-सिगारेट, म्हणजे पोरांच्या भाषेतलं वेप, नेऊच नका. २०१९ च्या कायद्यानं भारतात तिची विक्री, आयात आणि साठवणूक बंद आहे. शिवाय तिच्यातली बॅटरी पेट घेऊ शकते.

४. तंबाखू-मिश्रीनं आग लागत नाही, पण विमानात थुंकायला जागा नाही. बेसिनमध्ये पिंक टाकू नका. गुटखा तर महाराष्ट्रात बंदच आहे आणि परदेशात त्यावरून मोठी अडचण होऊ शकते.

५. तलफ जास्त असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. निकोटिनचं च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतं. मोठ्या विमानतळांवर काही ठिकाणी धूम्रपानाची वेगळी खोली असते, ती कुठं आहे ते तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा. दुसरीकडे कुठंही पेटवू नका.

६. शेजारच्याला धूर किंवा जळका वास आला तर लाजू नका. डोक्यावरचं बटण दाबून कर्मचाऱ्याला बोलवा. भाषा येत नसेल तर नुसतं बोट दाखवलं तरी त्यांना कळतं.

७. आणि समजा कुणी पेटवलीच, तर थोटूक कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. पाण्यानं पूर्ण विझवून राखदाणीत टाकावं आणि कर्मचाऱ्यांना सांगावं. कारवाई व्हायची ती होईल, पण विमानातली माणसं सुखरूप खाली उतरतील.

मुंबईहून दुबई साधारण तीन तास, पुण्याहून बंगळुरू दीड तास. रात्री झोपलेला माणूस सहा-सात तास विडीशिवाय राहतोच. घरातलं कुणी पहिल्यांदा विमानानं निघणार असेल, तर पासपोर्ट आणि तिकिटासोबत ही गोष्टही त्याच्या कानावर घाला.